नाशवंत मालावरची डिजिटल खंडणी

हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज या औषध कंपनीने २२ ऑक्टोबर २०२० रोजी आपल्या सर्व डेटा सेंटरांच्या सेवा तातडीने विलग केल्या. सायबर हल्ला झाल्याचे तिने शेअर बाजाराला कळविले आणि तो रॅन्समवेअरचा असल्याचे काही दिवसांतच स्पष्ट झाले. औषधांच्या गोळ्या गोदामात टिकतात, त्यामुळे असे काही दिवस निभावून नेता येतात. अन्नधान्य आणि शेतीमालाच्या व्यवसायाला ती सवड क्वचितच मिळते.

फसवा ई-मेल, चोरलेला पासवर्ड किंवा अद्ययावत न केलेली प्रणाली यांतून रॅन्समवेअर संगणकात शिरते, फायली कूटबद्ध करते आणि त्या उघडण्याच्या किल्लीसाठी बहुधा बिटकॉइनमध्ये खंडणी मागते. माहिती आधीच चोरून ती उघड करण्याची धमकी देणे, ही त्यातली नवी रीत.

मे २०२१ अखेरीस जेबीएस या जगातील सर्वांत मोठ्या मांसप्रक्रिया कंपनीचे अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियातील काम विस्कळीत झाले. कंपनीने १.१ कोटी डॉलर मोजले. विशेष म्हणजे, पैसे देताना तिचे बहुतेक कारखाने पुन्हा सुरू झालेले होते. भीती होती ती माहिती फुटण्याची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेदरलँड्समधील बाकर लॉजिस्टीक या वाहतूक कंपनीवर हल्ला झाला आणि सुपरमार्केटमधील चीजची फडताळे रिकामी पडली. माल गोदामातच होता. तो नेमका कोठे ठेवला आहे, हे सांगणारी संगणकीय नोंद मात्र हाती नव्हती.

सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ‘न्यू कोऑपरेटिव्ह’ या शेतकरी सहकारी संस्थेकडे ५९ लाख डॉलर मागण्यात आले. तो मका-सोयाबीनच्या काढणीचा काळ होता. हंगामात अशा सहा धान्य सहकारी संस्थांवर हल्ले झाल्याचे एफबीआयने एप्रिल २०२२ मध्ये नमूद केले आणि पेरणी-काढणीची वेळ साधून हल्ले होऊ शकतात, असा इशारा दिला. खंडणीखोरांना पंचांग कळते, असेच म्हणावे लागेल.

हैदराबादसाठी हा इशारा अधिक मोलाचा आहे, कारण हे शहर भारतातील बियाणे उद्योगाचे प्रमुख केंद्र आहे. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकही तेथील कंपन्यांचे वाण पेरतात. लॉट क्रमांक, उगवणक्षमतेच्या नोंदी, विक्रेत्यांच्या मागण्या हे सारे आता संगणकावर असते. मृगाच्या तोंडावर ते आठवडाभर अडकले, तर बियाणे कुजणार नाही, पण पेरणीची वेळ निघून जाईल.

भारतात हे केवळ कल्पनेत नाही. जुलै २०२० मध्ये हल्दीरामच्या नोएडा येथील सर्व्हरवर असा हल्ला झाला. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवापुरवठादारावरील हल्ल्यामुळे सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार थांबले. त्यांत सहकारी व ग्रामीण बँका होत्या, म्हणजे ऐन खरिपात शेतकऱ्यांचीच खाती. गोव्यानेही जून २०२२ मध्ये जलस्रोत खात्याच्या पूरनियंत्रण यंत्रणेची माहिती अशीच कुलूपबंद झालेली पाहिली, तीही पावसाळ्यात.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांत देणे बंधनकारक आहे. खरा आधार मात्र जाळ्यापासून तोडून ठेवलेल्या प्रतीचा. तीही अधूनमधून उघडून, तिच्यावरून काम खरोखर सुरू होते का, हे हंगामापूर्वी पाहिलेले असेल तरच.