कान सोनाराने टोचले, पण सुई कुणाची?

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका यात्रेत मी हौसेने हातावर नाव गोंदवून घ्यायला बसलो होतो. गोंदणाऱ्याने आधीच्या पोराच्या हातावरून मशीन उचललं, सुई फडक्याला पुसली आणि माझा हात धरला. मी सरळ उठलो! मित्र अजून हसतात.

तसं बघितलं तर माणूस पारखून घ्यायची सवय आपल्याकडे जुनीच. ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण उगाच नाही आली. सुश्रुतसंहितेत कान टोचण्यावर सविस्तर लिहिलंय. भिल्ल-पावरा बायांचं हिरवं गोंदणही जाणत्या हातचं. हात हलका आहे ना, एवढं बघायचं. सुईवर काय राहतं ते कुणाला दिसणार?

१८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायलीने विजेच्या मशीनचं पेटंट घेतलं (मूळ कल्पना एडिसनच्या पेनची!). काम झटपट व्हायला लागलं, पण सुई तीच. १९६१ मध्ये त्याच शहराने हिपॅटायटिस बीच्या भीतीने गोंदणावर बंदी घातली, ती थेट १९९७ पर्यंत. हिपॅटायटिस सीचा विषाणू तर १९८९ मध्ये ओळखला गेला.

म्हणून मी आता तीनच गोष्टी बघतो. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडतात का, शाई वेगळ्या टोपणात काढतात का, हातमोजे नवे आहेत का. नक्षी नंतर.

पुढच्या वर्षी त्याच गोंदणाऱ्याला विचारलं, “भाऊ, नवी सुई आहे का?”

“आहे ना. वीस रुपये जास्त पडतील.”

मागे रांगेत शाळेतली पोरं उभी होती.