सेंट अँड्र्यूजचं गायरान

मुलाकडे स्कॉटलंडला गेलो होतो, तेव्हा सेंट अँड्र्यूजचा 'ओल्ड कोर्स' पाहिला. जगातल्या सर्वांत जुन्या गोल्फ मैदानांपैकी एक, अगदी समुद्राकाठी. गोल्फ म्हणजे बड्या लोकांचा खेळ, कुंपण आणि वॉचमन, असंच डोक्यात होतं. पण रविवारी पाहतो तर खेळ बंद, आणि गावातली माणसं पोरंबाळं, कुत्री घेऊन मैदानभर फिरताहेत!

कारण मैदान क्लबचं नाही, गावाचं आहे. 'लिंक्स' म्हणजे समुद्र आणि शेतं यांच्यामधली वाळूची, गवताची पट्टी. पिकाला निरुपयोगी. आपल्या भाषेत गायरानच म्हणा ना. तिथं खेळायचा गावकऱ्यांचा हक्क 1552 च्या सनदेत आहे.

पुढे नगरपालिका कर्जात बुडाली आणि 1797 मध्ये तिनं ही जमीन चक्क विकली. व्यापाऱ्यांनी तिथं ससे पाळले, सशांनी मैदान उकरून ठेवलं. खेळणारे कोर्टात गेले. 1821 मध्ये जेम्स चीप या जमीनदारानं जमीन विकत घेऊन मैदान वाचवलं. 1894 मध्ये कायदा होऊन ती पुन्हा गावाची झाली. गेलेली जमीन परत यायला 97 वर्षं लागली.

आता आपलं बघू. पारनेर असो, पाथर्डी असो की नगर शहरातला लेआउट, गायरान आणि ओपन स्पेस कागदावर आहेतच. तुमच्या गावच्या गायरानाचा सातबारा शेवटचा कधी पाहिलात? मोबाइलवर दिसतो. आज काढा, आणि पुढच्या ग्रामसभेला सोबत न्या.