चुंद, नकुलमाता आणि माईसाहेब : शुश्रूषेवरील संशयाचा विचार

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरखन्धक नावाचा भाग आहे. नावावरून तो केवळ वस्त्रांविषयीचा वाटतो. परंतु रुग्णशुश्रूषेविषयी बौद्ध परंपरेने जे सर्वांत स्पष्ट शब्दांत सांगितले ते याच भागात आहे. अतिसाराने व्याकुळ होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडून राहिलेला एक भिक्खू भगवंतांना आढळला. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून त्याची सेवा कोणी करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाकरवी पाणी आणविले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. ही कथा विहारांतील प्रवचनांत वारंवार येते. तिच्या पुढचा मजकूर मात्र फारसा वाचला जात नाही, आणि आम्हांला येथे त्याचेच प्रयोजन आहे.

त्या मजकुरात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध सिद्ध करता यावे. पथ्य काय व अपथ्य काय हे कळावे. त्याने सेवा मैत्रीभावाने करावी, लाभासाठी नव्हे. मलमूत्र व वांती उचलताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाचे मन त्याने उभारावे. तेथेच रुग्णाचेही पाच गुण दिले आहेत. रुग्णाने पथ्य पाळावे, पथ्याच्या गोष्टीतही प्रमाण राखावे, औषध घ्यावे, वेदना सोसाव्या, आणि दुखणे वाढत आहे, उतरत आहे की जसेच्या तसे आहे हे सेवा करणाऱ्याला खरेखुरे सांगावे. म्हणजे आजाराचा भार एकाच बाजूवर टाकलेला नाही. या दहा गोष्टींत सेवा करणाऱ्याचे कुळ कोणते, जात कोणती, हा प्रश्नच नाही, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

6 डिसेंबर 1956 नंतर आपल्या समाजात एका पत्नीच्या शुश्रूषेविषयी जो संशय पसरला, तो या निकषांवर कधी तपासला गेला असे आम्हांस आढळत नाही. तो तसा तपासावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पतीच्या अकस्मात आजाराला सामोरे जाणाऱ्या पत्नीचे चित्र बौद्ध वाङ्मयात नाही असे नाही. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात नकुलमातेचे सुत्त आहे. भग्ग देशात सुंसुमारगिरीच्या भेसकळावनात भगवंत असताना नकुलपिता हा गृहस्थ अतिशय आजारी पडला. नकुलमाता त्याच्या उशाशी बसून त्याला सांगते की मनात ओढ ठेवून मरू नका, तसे मरण दुःखाचे असते. मग ती त्याच्या मनातील एकेक चिंता ओळखून तिला उत्तर देते. पहिले उत्तर अगदी व्यवहाराचे आहे. मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते. तुमच्या मागे मी मुले पोसीन आणि घर चालवीन. दुसरे उत्तर, मी दुसरे घर करणार नाही. शील, चित्ताची शांती व धम्मावरील निःशंक श्रद्धा यांच्या गोष्टी त्यानंतर येतात. आमचे प्रवचनकार बहुधा शीलापासून आरंभ करतात आणि कापूस-लोकर गाळून टाकतात. ज्या घरात कमावता माणूस अंथरुणाला खिळला आहे त्या घरात पहिली चिंता कोणती असते, हे सुत्ताला ठाऊक होते. नकुलपिता त्या दुखण्यातून उठला, काठी टेकीत भगवंतांकडे गेला, आणि अशी पत्नी लाभली हा तुझा लाभ आहे, असे भगवंतांनी त्याला सांगितले.

औषधाविषयी प्रश्न विचारणे हेही परंपरेला मान्य आहे. जीवक तक्षशिलेहून परतताना साकेतला एका श्रेष्ठीच्या पत्नीवर उपचार करण्यास गेला. तिला सात वर्षांची डोकेदुखी होती. मोठमोठे वैद्य आले, बरे न करताच पुष्कळ सोने घेऊन गेले, मग हा पोरसवदा वैद्य काय करणार, असे तिने त्याला आत घेण्यापूर्वीच विचारले. जीवक रागावला नाही. आधी काही देऊ नका, बरे वाटल्यावर हवे ते द्या, असे त्याने कळविले. प्रश्न उपचारापूर्वी विचारला गेला, थेट वैद्याला विचारला गेला, आणि त्याला उत्तर मिळाले. संयुत्तनिकायात मोळियसीवकाला दिलेले उत्तरही येथे आठवावे. सारी वेदना पूर्वकर्मामुळेच होते हे मत भगवंतांनी नाकारले आणि पित्त, कफ, वात, ऋतुपालट, विषम आहारविहार, आघात अशी कारणे सांगितली. कर्मविपाक हे त्यांतील केवळ एक. ज्या परंपरेत रोगाला कारण असते, त्या परंपरेत कारण पुराव्याने शोधावे लागते.

आता बाबासाहेबांच्या आजाराकडे वळू. 1947 पासून त्यांची प्रकृती झपाट्याने खालावली होती. मधुमेह, रक्तदाब आणि मज्जातंतूंच्या दाहामुळे पायांना होणाऱ्या वेदना यांनी त्यांची झोप हिरावून घेतली होती, आणि हाच काळ घटनेच्या मसुद्याचा होता. मुंबईत डॉ. मालवणकर त्यांच्यावर उपचार करीत. त्यांच्याच दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करीत असत. घरात सतत काळजी घेणारे कोणी हवे, हे वैद्यांचे म्हणणे होते. परिचारिका ठेवली तर लोकापवाद उठेल, म्हणून विवाह करणे बरे, असा विचार बाबासाहेबांनी मार्च 1948 मध्ये दादासाहेब गायकवाडांना पत्राने कळविला होता. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत विवाह झाला. रमाबाई 27 मे 1935 रोजी दीर्घ आजारानंतर राजगृहात निवर्तल्या होत्या. आजारी पत्नीचा पती होणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी त्या काळात अनुभवले होते. आता ते स्वतः रुग्ण होते.

त्या काळी वैद्यकशास्त्राच्या हाती काय होते, हे समजल्यावाचून पुढच्या आरोपांचे मोल कळत नाही. इन्सुलिनचा शोध टोरोंटोत 1921 मध्ये लागला आणि 1922 मध्ये ते प्रथम रुग्णाला दिले गेले. त्याने मधुमेही जगू लागला. परंतु घरी रक्तातील साखर मोजण्याचे साधन नव्हते. लघवी बेनेडिक्टच्या द्रावणात तापवायची आणि रंग निळा राहतो, हिरवा होतो की विटकरी, यावरून अंदाज बांधायचा. हा अंदाज काही तास जुना असे, कारण लघवीत दिसते ती आधीची साखर. काचेची सिरिंज उकळून त्या अंदाजावर सुई टोचायची. मात्रा थोडी अधिक झाली तर साखर उतरून घाम, कंप, बेशुद्धी. कमी पडली तर रोग वाढणार. रक्तदाबाची स्थिती याहून बिकट होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या गुणांविषयीचा आपला निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये 1949 साली प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष या भारतीय मुळीकडे गेले. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या थायझाइड वर्गातील पहिली गोळी बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर बाजारात आली. वाढलेला रक्तदाब औषधाने उतरविल्यास पक्षाघात टळतो व आयुष्य वाढते, हे अमेरिकेतील नियंत्रित चाचणीने दाखविले ते 1967 मध्ये. म्हणजे 1948 ते 1956 या आठ वर्षांत जो कोणी वैद्य त्यांच्याजवळ असता, त्याच्याजवळ अर्धीच शस्त्रे होती.

आणि रुग्ण कसा होता? विश्रांती हे पथ्य बाबासाहेबांना कधीच पाळता आले नाही. 10 ऑगस्ट 1951 रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले की आपल्या प्रकृतीची वैद्यांना काळजी वाटते, दीर्घ उपचारांसाठी त्यांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे. आधी बिल, मग औषध, हा त्यांचा क्रम होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर, 16 ऑक्टोबरला चांदा, नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, परतताना सारनाथ व कुशिनारा. ज्या देहाने हा प्रवास केला तो देह तेव्हा कोणत्या अवस्थेत होता, याचा विचार त्या उत्साहात किती जणांनी केला असेल? त्या दौऱ्यांत औषधाची पेटी घेऊन माईसाहेब बरोबर होत्या. नागपूरला भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेताना त्या बाबासाहेबांच्या शेजारी उभ्या होत्या.

दीक्षेनंतर त्रेपन्नाव्या दिवशी, 6 डिसेंबरच्या सकाळी, 26 अलीपूर रोड येथे बाबासाहेब झोपेतच गेल्याचे माईसाहेबांना आढळले. पत्नी वैद्य, रुग्ण तिच्याच उपचाराखाली, मृत्यू अकस्मात, आणि पत्नी जन्माने ब्राह्मण. एवढ्या चार गोष्टींवर संशय उभा राहिला. आम्ही त्या वेळच्या लोकांना दोष देत नाही. लक्षावधी माणसांचे छत्र एका रात्रीत गेले होते, आणि ज्या समाजाने शतकानुशतके विश्वासघात सोसला त्याला विश्वासघाताची शंका सर्वांत आधी येते, यात नवल नाही. तथापि शंका आणि प्रश्न एक नव्हेत. प्रश्नाला उत्तर मिळाले की तो थांबतो. केंद्र सरकारने चौकशी केली आणि 1957 मध्ये मृत्यू नैसर्गिक असल्याचे जाहीर झाले. संशय तरी थांबला नाही. माईसाहेबांना अनेक वर्षे चळवळीपासून दूर राहावे लागले.

या प्रकरणातील सर्वांत मोठा साक्षीदार खुद्द रुग्ण होता, आणि त्याची साक्ष लेखी होती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या आजाराचा उल्लेख आहे. आपण तगलो आणि ग्रंथ पुरा करू शकलो ते पत्नीच्या व डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, अशी कृतज्ञता त्यांनी तीत व्यक्त केली. 1957 साली सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे ग्रंथ निघाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती वाचकांपुढे आली 1980 मध्ये, भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मिळ प्रस्तावना एकत्र प्रसिद्ध केल्या तेव्हा. मधल्या तेवीस वर्षांत ज्यांनी आरोप ऐकला त्यांनी ही साक्ष वाचलेली नव्हती. दुखणे वाढते की उतरते हे रुग्णाने खरेखुरे सांगावे, असा विनयाचा दंडक आहे. येथे रुग्णाने ते सांगितले होते. ते ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचले नाही.

येथे चुंदाची आठवण होणे अपरिहार्य आहे. पावा येथील चुंद लोहाराने दिलेल्या भोजनानंतर भगवंतांना रक्तातिसार झाला आणि कुशिनाऱ्याला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. भगवंतांनी जाण्यापूर्वीच ओळखले होते की लोक चुंदाला बोल लावतील, आणि चुंद स्वतःलाही लावून घेईल. म्हणून त्यांनी आनंदाला बजावले की त्याचा हा पश्चात्ताप दूर करा; संबोधीपूर्वीचे भोजन आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजन ही दोन्ही दाने समान फळाची आहेत, असे त्याला सांगा. आजारी माणसाने मागे राहणाऱ्याची केलेली अशी राखण इतिहासात विरळा. संघाने तो निरोप जपला. सुत्तात तो आजही आहे. बाबासाहेबांची प्रस्तावना हाही तसाच निरोप होता, असे आम्हांस वाटते.

ही केवळ थोरामोठ्यांची गोष्ट नव्हे. आमच्या वस्त्यांत आजही पतीला मध्यरात्री पक्षाघाताचा झटका येतो, पत्नी शेजाऱ्याला उठवून रिक्षाने त्याला दवाखान्यात नेते, आणि तो दगावला तर सासरचे लोक पहिला प्रश्न तिलाच विचारतात : काय खायला घातलेस, गोळी का दिलीस, गोळी का नाही दिलीस? गोळीचे नाव, ती कशासाठी, किती दिवस, दुसऱ्या औषधाबरोबर चालते की नाही, हे प्रश्न डॉक्टरांना त्याच वेळी विचारायचे असतात, आणि उत्तर कागदावर लिहून घ्यायचे असते. साकेतच्या श्रेष्ठिपत्नीने तेच केले होते. मृत्यूनंतर विधवेच्या अंगणात उभे राहून विचारलेला प्रश्न औषधाविषयीचा नसतो.

माईसाहेबांनी आपली बाजू 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या 1990 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात मांडली. 29 मे 2003 रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. बाबासाहेबांच्या त्या प्रस्तावनेचे वाचन ग्रंथवाचनाच्या आरंभी व्हावे, असा विचार वर्षावासात धम्मग्रंथाचे पारायण करणाऱ्या विहारांनी करावा. वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत.