शनिवार, रविवार आणि तिसरी आज्ञा

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना कधीमधी एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. हाती पवित्र शास्त्र घेऊन दाराशी आलेले एखादे ख्रिस्ती बंधू विचारतात, "देवाने सातवा दिवस पवित्र मानण्यास सांगितले. सातवा दिवस म्हणजे शनिवार. मग तुम्ही रविवार कोणाच्या आज्ञेवरून पाळता? ते वचन दाखवा." घरातील वडीलधारी माणसे गोंधळतात, तरुण मंडळी वाद घालू लागतात आणि अखेर दार लावले जाते. दार लावणे हे काही उत्तर नव्हे. या प्रश्नाला उत्तर आहे. परंतु ते एखाद्या वचनात नसून एका दीर्घ इतिहासात आहे. त्या इतिहासात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे, तसेच मान खाली घालावी असेही काही आहे. दोन्ही सांगितल्यावाचून उत्तर प्रामाणिक होणार नाही, असे आम्हांस वाटते.

एक आज्ञा, दोन कारणे

शब्बाथाची आज्ञा जुन्या करारात दोन ठिकाणी विस्ताराने येते, आणि दोन्ही ठिकाणी तिचे कारण वेगळे दिले आहे, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. निर्गम ग्रंथाच्या २० व्या अध्यायात कारण आहे ते सृष्टीच्या निर्मितीचे. सहा दिवसांत परमेश्वराने सृष्टी घडविली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून मनुष्यानेही विसावा घ्यावा. अनुवाद ग्रंथाच्या ५ व्या अध्यायात मात्र मिसर देशातील गुलामगिरीची आठवण करून दिली आहे. तुम्ही स्वतः गुलाम होता, परमेश्वराने तुम्हांस सोडविले. म्हणून तुमचा दास, तुमची दासी, तुमचा बैल, तुमचे गाढव आणि तुमच्या वेशीत राहणारा परका, या सर्वांना विसावा मिळू द्या. एका कारणात देवाची स्तुती आहे, दुसऱ्यात दुर्बलांची दया आहे. शब्बाथ या दोन पायांवर उभा आहे.

लेवीय ग्रंथाच्या २३ व्या अध्यायात वर्षभराच्या सणांची यादी आहे. वल्हांडण, बेखमीर भाकरींचा सण, प्रथम पिकाची पेंढी, सप्ताहांचा सण, कर्ण्यांचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण, अशी ती यादी आहे. पण तिच्या आरंभी शब्बाथाचे नाव आहे. जणू प्रत्येक आठवड्याचा हा लहान सण सर्व मोठ्या सणांचे मूळ आहे. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले आणि लोक बाबेलला नेले गेले, तेव्हा बलिदान थांबले, वेदी राहिली नाही; शब्बाथ मात्र राहिला. दगडांचे मंदिर पाडता येते, काळाचे मंदिर पाडता येत नाही.

अर्थ लावणे तेव्हापासूनच होते

आज्ञा जशी लिहिली आहे तशीच पाळावी, तिचा अर्थ लावण्याचे कारण काय, असे काही जण म्हणतात. परंतु अर्थ लावल्यावाचून ती कधी पाळताच आली नाही. याचा हृदयद्रावक दाखला आपल्या कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या मक्काबींच्या पहिल्या ग्रंथाच्या २ ऱ्या अध्यायात आहे. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास अंतियोख राजाच्या छळामुळे काही भाविक यहुदी रानात जाऊन लपले. शत्रूने त्यांच्यावर शब्बाथाच्या दिवशी हल्ला केला. शब्बाथ मोडू नये म्हणून त्यांनी एक दगडही उचलला नाही, गुहांची तोंडेही बंद केली नाहीत. सुमारे १००० माणसे, बायकामुलांसह, मारली गेली. त्यांच्यासाठी शोक केल्यावर मत्तथिया आणि त्याच्या साथीदारांनी ठरविले की, यापुढे शब्बाथाच्या दिवशी हल्ला झाल्यास प्रतिकार करावयाचा. आज्ञेवरील त्यांचे प्रेम कमी झाले नव्हते. आज्ञा जगण्यासाठी दिली आहे, हे त्यांना कळले होते.

पुढे यहुदी गुरूंनी जीव वाचविण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवता येतो, हे तत्त्व मान्य केले. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात शब्बाथाच्या दिवशी वर्ज्य अशा कामांचे ३९ प्रकार दिलेले आहेत. आणि शब्बाथाचे पुष्कळ नियम शास्त्राच्या थोड्याशा शब्दांवर, केसाने टांगलेल्या डोंगरासारखे लटकत आहेत, अशी कबुलीही त्यात आहे.

प्रभू येशूने शब्बाथाच्या दिवशी रोग्यांना बरे केले ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. तो शब्बाथाचा शत्रू नव्हता. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात जाणे हा त्याचा परिपाठच होता, असे संत लूक सांगतो. १८ वर्षे कंबरेत वाकलेल्या स्त्रीला त्याने सरळ उभे केले, तेव्हा त्याने विचारलेला प्रश्न अगदी घरगुती होता: शब्बाथाच्या दिवशी तुम्ही आपला बैल सोडून पाण्यावर नेता, मग या अब्राहामाच्या कन्येचे बंधन का सुटू नये? मुक्त करण्याचा दिवस म्हणून शब्बाथाचा जो अर्थ अनुवाद ग्रंथात होता, तोच प्रभूने पुन्हा उजेडात आणला.

पहिल्या दिवसाचा उदय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शनिवार रद्द करून त्याच्या जागी रविवार पाळा, असे स्पष्ट वचन नव्या करारात आहे काय? नाही. हे मोकळेपणाने मान्य करण्यात कमीपणा नाही. नव्या करारात दिसतात त्या खुणा. प्रभू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला. पन्नासाव्या दिवसाचा सणही, लेवीय ग्रंथाच्या मोजणीप्रमाणे, शब्बाथानंतरच्या दिवशी येतो. त्रोवस येथे शिष्य पहिल्या दिवशी भाकर मोडण्यासाठी जमले होते. संत पौल करिंथकरांना गरिबांसाठी याच दिवशी काही बाजूला काढून ठेवण्यास सांगतो. प्रकटीकरणात 'प्रभूचा दिवस' हा शब्द येतो. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमच्या सभेत परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांवर कोणती बंधने घालावीत याचा निर्णय झाला. त्या यादीत शब्बाथ नाही. कलस्सैकरांना लिहिताना पौलाने सण, अमावास्या आणि शब्बाथ यांना येणाऱ्या गोष्टींची सावली म्हटले. सावली खोटी नसते. ज्याची ती पडते ती व्यक्ती जवळ आली, एवढेच तिचे सांगणे असते.

रविवार ही रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची निर्मिती आहे, असे काही पुस्तकांतून ठासून सांगितले जाते. त्याने इ. स. ३२१ मध्ये रविवारी न्यायालये व शहरांतील कामकाज बंद ठेवण्याचा कायदा केला हे खरे. शेतकऱ्यांना मात्र त्याने मुभा दिली होती. परंतु त्याच्या पूर्वी सुमारे १६५ वर्षे संत जस्टिन याने रोममध्ये रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. प्रेषितांच्या आठवणी वा संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचले जात. मग प्रमुखाचा उपदेश, सर्वांची प्रार्थना, भाकर व द्राक्षारस यांवर उपकारस्तुती आणि वाटप. जे येऊ शकत नसत त्यांच्या घरी सेवक तो वाटा नेत. जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील माणसे आणि परके यांची काळजी घेतली जाई. आपल्या मिस्साचा सांगाडा यात जसाच्या तसा दिसतो. कॉन्स्टंटाइनच्या कायद्यापूर्वी १७ वर्षे, इ. स. ३०४ मध्ये, उत्तर आफ्रिकेतील अबितिना गावच्या ४९ ख्रिस्ती माणसांना रविवारी जमल्याबद्दल पकडण्यात आले. ज्याच्या घरी ते जमले होते त्या एमेरितुसला न्यायाधीशाने जाब विचारला, तेव्हा प्रभूच्या भोजनाशिवाय आम्हांस जगता येत नाही, या अर्थाचे उत्तर त्याने दिले. ज्या दिवसासाठी माणसे मरण पत्करीत होती, तो दिवस सम्राटाने निर्माण केला असे कसे म्हणावे?

मात्र रविवार म्हणजे सरकवलेला शनिवार नव्हे. पहिल्या ख्रिस्ती लोकांना तो सुटीचा दिवस नव्हता. दास असलेले विश्वासणारे पहाटे उपासना करून कामावर जात. त्या दिवसाला 'आठवा दिवस' असेही म्हणत. म्हणजे नव्या सृष्टीचा पहिला दिवस. विसाव्याचा नियम त्याला पुढे जोडला गेला. संत थॉमस अक्वायनस याने तेराव्या शतकात याची उकल केली: देवासाठी वेळ राखून ठेवावा हा आज्ञेतील नैतिक आणि कायमचा भाग, तो वेळ अमुक दिवशीच असावा हा विधीचा भाग.

मतभेद आणि शांती

सणांबाबतही हेच घडले. वल्हांडणाचे ईस्टर झाले. पोर्तुगीज भाषेत ईस्टरला 'पास्कोआ' म्हणतात, तो हिब्रू 'पेसाह' या शब्दाचाच वंशज. परंतु तो सण कधी पाळावा? आशिया मायनरमधील ख्रिस्ती लोक यहुदी पंचांगाच्या निसान महिन्याच्या १४ व्या दिवशी, वार कोणताही असो, तो पाळीत. रोममध्ये त्यानंतरच्या रविवारी. इ. स. १५५ च्या सुमारास स्मिर्नाचे वृद्ध महागुरू संत पॉलिकार्प रोमला पोप अनिसेटस यांना भेटण्यास गेले. दोघांनीही आपली परंपरा सोडली नाही. तरीही पोपमहाशयांनी आपल्या ख्रिस्तमंदिरात मिस्सा अर्पण करण्याचा मान पॉलिकार्प यांना दिला आणि दोघे शांतीने निरोप घेऊन वेगळे झाले. सुमारे ३५ वर्षांनी पोप व्हिक्टर यांनी आशियाच्या मंडळ्यांशी संबंध तोडण्याचा विचार केला, तेव्हा संत आयरेनियस यांनी याच भेटीची आठवण देऊन त्यांना आवरले. निकायाच्या परिषदेने इ. स. ३२५ मध्ये रविवारचा पक्ष सर्वांसाठी मान्य केला.

संत ऑगस्टीनने सांगितलेली आपल्या आईची हकीकतही अशीच बोलकी आहे. मिलान शहरी आल्यावर संत मोनिका अडचणीत पडली. इथे लोक शनिवारी उपवास करीत नाहीत, मग आपण काय करावे? संत अम्ब्रोज म्हणाले की आपण रोममध्ये असलो म्हणजे शनिवारी उपवास करतो, मिलानमध्ये करीत नाही. ज्या मंडळीत जाल तिची रीत पाळा. इथिओपियाच्या ख्रिस्तसभेने तर इ. स. १४५० मध्ये शनिवार आणि रविवार दोन्ही पाळण्याचे ठरविले.

मान खाली घालावी असे काही

हा उदारपणा सदैव टिकला असता तर हा लेख येथेच थांबवता आला असता. परंतु इ. स. ३८६-८७ मध्ये अंत्युखियात काही ख्रिस्ती लोक यहुद्यांच्या सणांना जाऊ लागले, तेव्हा संत जॉन ख्रिसोस्तोम यांनी यहुद्यांविषयी इतके कठोर उपदेश केले की पुढील शतकांत द्वेष करणाऱ्यांना ते हत्यारासारखे उपयोगी पडले.

त्या द्वेषाची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलेल्या यहुद्यांच्या वंशजांवर धर्मन्यायासनाची नजर असे. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणे, शनिवारी स्वच्छ कपडे घालणे, शनिवारी काम न करणे, या गुन्ह्याच्या खुणा ठरल्या. हे न्यायासन इ. स. १५६० मध्ये गोव्यात आले आणि त्याची सत्ता आपल्या वसईपर्यंत होती. गार्सिया द ओर्ता हे थोर वैद्य, ज्यांना मुंबई बेट पट्ट्याने मिळाले होते आणि ज्यांचा भारतीय वनौषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, ते १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आले. आणि १५८० मध्ये गार्सियांची हाडे उकरून तीही जाळली गेली. ते न्यायासन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. ज्या आज्ञेने दासालाही विसावा दिला, तिच्या पालनाबद्दल एका स्त्रीला आगीत टाकण्यात आले, आणि तेही ख्रिस्ताच्या नावाने! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये यहुद्यांविषयीच्या द्वेषाचा निषेध केला आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली जाहीर क्षमायाचना केली, ती अशा स्मृतींसाठी होती.

याच किनाऱ्यावर दुसरे चित्रही होते. अलिबागच्या आसपासच्या खेड्यांत बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची भाषा मराठी, त्यांच्या सणांची नावेही मराठी: खिरीचा सण, बिरड्याचा सण. मंदिराच्या नाशाचा शोक ते वालाच्या बिरड्याने पाळीत! १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले. १९४८ नंतर त्यांच्यापैकी पुष्कळ जण इस्राएलला गेले. शेजाऱ्यांनी त्यांचा शनिवार हिरावून घेतला नाही; उलट त्याच नावाने त्यांना ओळखले.

दारावरचे उत्तर

तेव्हा दाराशी आलेल्या त्या बंधूंना काय सांगावे? त्यांना आत बोलवावे, पाणी द्यावे आणि सांगावे की आम्ही रविवार पाळतो तो प्रेषितांच्या काळापासून चालत आलेल्या साक्षीवरून, कारण त्या दिवशी प्रभू उठला. तुमच्या शनिवाराचा आम्ही उपहास करीत नाही. तो प्रभूचाही शब्बाथ होता. आणि संत जस्टिननेच लिहिले आहे की यहुदी नियम पाळणारा ख्रिस्ती जर ते इतरांवर लादत नसेल, तर त्याला बंधू मानावे. दोघांनीही एवढे पाळले तर भांडणाला जागा उरत नाही.

परंतु ते बंधू गेल्यावर आपणच आपल्याला एक प्रश्न विचारावा. मिस्सा ऐकून आलो, की आज्ञा पाळली असे आपण समजतो. मग रविवारी चार भाज्यांचा स्वयंपाक करून दमणारी घरची आई, त्या दिवशीही भांडी घासावयास येणारी बाई, आपल्या वाडीत वा दुकानात राबणारा परगावचा मजूर, यांचा विसावा कुठे आहे? अनुवाद ग्रंथाने दास, दासी आणि परका यांची नावे आज्ञेतच घातली आहेत. दिवस कोणता, याचे उत्तर ख्रिस्तसभेने पूर्वीच दिले आहे. तो दिवस कोणाकोणाचा, याचे उत्तर आपल्या प्रत्येक घराने दर रविवारी द्यावयाचे आहे.