बीज आणि भूमी : मुखकर्करोगाच्या मुंबईतील अभ्यासाचा एक धागा

कर्करोगाचा इतिहास बहुधा कर्कपेशीचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. ती पेशी ज्या संयोजी ऊतकात वाढते, त्यास त्या इतिहासात पार्श्वभूमीपलीकडे स्थान मिळत नाही. वस्तुतः १८८९ साली लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनकर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून असे प्रतिपादिले होते की, रोगाचे बीज सर्वत्र विखुरले तरी ते अनुकूल भूमीतच रुजते. पॅजेट यांची भूमी म्हणजे यकृत, अस्थी इत्यादी दूरचे अवयव होत. मूळ अर्बुदाच्या सभोवतालचे ऊतक हा तिचा अर्थ पुढे रूढ झाला.

या दुसऱ्या अर्थाचा प्रश्न मुंबईत फार लवकर उपस्थित झाला होता, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी संघवी व राव यांच्यासह १९५५ साली धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा मुख-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. हा विचार प्रामुख्याने बीजाचा होता. परंतु त्याच सुमारास एक निराळा विकार नोंदला जात होता. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत, व १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. जोशी यांनी येथील रुग्णांत त्याचे वर्णन केले. या विकारात श्लेष्मकलेखालील संयोजी ऊतकात कोलॅजेन साचते, गाल ताठ होतात व तोंड उघडेनासे होते. अशा मुखांत कर्करोग उद्भवतो, हे टाटा रुग्णालयातील डॉ. पेमास्टर यांनी १९५६ साली निदर्शनास आणले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी एर्नाकुलम जिल्ह्यातील अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. त्यांपैकी पाच जणांस, म्हणजे शेकडा ७.६ रुग्णांस, कर्करोग झाल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झाले.

तर मग भूमी बिघडल्यामुळे बीज रुजले काय? इतका सरळ निष्कर्ष काढता येत नाही. सुपारीतील अल्कलॉइडे तंतुजनक पेशींना उत्तेजित करतात, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. आणि सुपारी स्वतःच कर्कजनक असल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्णय २००४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे एकच कारण बीज व भूमी या दोहोंवर स्वतंत्रपणे कार्य करीत असणेही संभवनीय आहे.

भूमीच्या बाजूने भक्कम पुरावा अन्यत्र मिळाला. १९८६ साली ड्व्होराक यांनी अर्बुदास ‘न भरणारी जखम’ म्हटले. जखम भरताना सक्रिय होणाऱ्या पेशी अर्बुदाभोवती सक्रियच राहतात, हा त्यातील आशय होय. १९९९ मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या अर्बुदातून घेतलेल्या तंतुजनक पेशींच्या सान्निध्यात, प्रयोगासाठी अमर केलेल्या परंतु निरुपद्रवी अशा उपकला-पेशींची अर्बुदे झाली. निरोगी ग्रंथीतील तंतुजनक पेशींनी तसे घडविले नाही. या पेशी कोलॅजेनचे जाळे ताठ करतात व विकरांच्या साहाय्याने त्यात वाटा पाडतात. त्या वाटांनी कर्कपेशी पुढे सरकतात. मात्र २०१४ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगात उंदरांमधील अशाच पेशी घटविल्या असता रोग अधिक उग्र झाला. भूमी काही वेळा कुंपणाचेही काम करते, असा याचा अर्थ. म्हणून तिचा सरसकट नाश हा उपचार ठरू शकत नाही.

या प्रश्नाचे स्थानिक महत्त्व कमी नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ पासून भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली. कर्करोगाची नोंदणी सिद्ध झालेला रोग मोजते. त्यापूर्वी ताठरलेले मुख तिच्या कक्षेबाहेर राहते. वरच्या व खालच्या दातांतील अंतर मोजण्यास साधी पट्टी पुरते. श्रीपूरसारख्या गावी अशी मापे वर्षानुवर्षे, सुपारी सोडलेल्या व न सोडलेल्या व्यक्तींची वेगवेगळी नोंदली गेली, तर पेमास्टर यांच्या निरीक्षणातून निघालेल्या प्रश्नाचा पुढील अभ्यास आपल्याच परिसरात करता येईल.