काळ्या अक्रोडाची कहाणी

वृक्षांचा घातक रोग म्हटला की तो समुद्रापलीकडून आला असणार, असा आपला सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेच्या वनांचा इतिहास या समजाला पुष्टीही देतो. १९०४ साली न्यूयॉर्क शहरात चेस्टनट वृक्षांवर आशियातून आलेली एक बुरशी आढळली, आणि पुढील अर्धशतकात तो वृक्ष पूर्व अमेरिकेच्या वनांतून जवळजवळ दिसेनासा झाला. १९३० साली ओहायोत एल्म वृक्षांचा रोग प्रकट झाला. तो युरोपातील ओंडक्यांबरोबर आला आणि भुंगेऱ्यांच्या अंगाला चिकटून गावोगाव हिंडला.

काळ्या अक्रोडाची कहाणी मात्र निराळी आहे. येथे वैरी घरचाच निघाला.

हा वृक्ष मूळचा पूर्व अमेरिकेचा. त्याचे गडद, चिवट लाकूड उंची सामानासाठी आणि बंदुकांच्या दस्त्यांसाठी नावाजलेले. माणसे पश्चिमेकडे सरकली तसा तोही त्यांच्याबरोबर गेला आणि कोलोरॅडो, युटा अशा कोरड्या प्रदेशांतील नगरांत सावलीसाठी लावला गेला. त्याच पश्चिमेच्या दक्षिण भागात अक्रोडाची दुसरी रानटी जात पूर्वीपासून नांदत होती. तिच्या फांद्यांत एक भुंगेरा राहत असे. त्याची लांबी दोन मिलिमीटरही भरत नाही. ब्लॅकमन या शास्त्रज्ञाने १९२८ साली त्याचे वर्णन केले. पण त्याची दखल घ्यावी असे त्याने काही केलेच नव्हते. रानटी अक्रोड त्याला पचवीत आला होता. पाहुण्या वृक्षाला ती सवय नव्हती.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पश्चिमेतील काळे अक्रोड वाळू लागले. २००१ साली न्यू मेक्सिकोत आणि पुढे दोन-तीन वर्षांत कोलोरॅडोत त्यांची मोठी हानी झाली. प्रथम दोष अवर्षणाला दिला गेला. २००८ साली कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील टिसेराट व क्रॅनशॉ यांच्या संशोधनातून खरी जोडगोळी उघडकीस आली. भुंगेरा सालीत शिरतो, आणि त्याच्या अंगावरून एक बुरशी आत जाते. प्रत्येक छिद्राभोवती लहानसा व्रण पडतो. असा एक व्रण झाड सहज सोसते. पण हजारो व्रण एकमेकांत मिसळले म्हणजे अन्नरसाची वाट बंद होते. पाने पिवळी पडू लागल्यावर दोन-तीन वर्षांत झाड मरते. म्हणून या रोगाला ‘सहस्रव्रण’ अशा अर्थाचे नाव पडले. २०११ साली बुरशीचेही नामकरण झाले : जिओस्मिथिया मॉर्बिडा.

तोवर एक अशुभ वार्ता आली होती. २०१० साली टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे, म्हणजे काळ्या अक्रोडाच्या माहेरीच, हा रोग सापडला. पुढल्या वर्षी व्हर्जिनिया व पेनसिल्व्हेनियात, आणि २०१३ साली थेट इटलीत. साल न काढलेल्या लाकडातून भुंगेरा दूरवर जाऊ शकतो. म्हणून अनेक राज्यांनी अक्रोडाच्या लाकडाच्या वाहतुकीवर निर्बंध घातले. चेस्टनटची गत आता अक्रोडाची होणार, ही भीती अनाठायी नव्हती.

परंतु तसे घडले नाही. टेनेसी व व्हर्जिनियात रोगट दिसणारी कित्येक झाडे पुन्हा पालवली. पूर्वेकडील पुरेसा पाऊस झाडाला बळ देत असावा, असे अभ्यासकांना वाटते. बुरशीच्या आनुवंशिक परीक्षेत तिच्या इतक्या नाना कुळी आढळल्या, की ती अलीकडे बाहेरून आलेली नसून अमेरिकेचीच जुनी रहिवासी असावी, हे मत दृढ झाले.

आपल्या काश्मीरचा अक्रोड, ज्याच्या लाकडावर तेथील कारागीर नक्षी कोरतात, तो या काळ्या अक्रोडाचा सगोत्रीच. त्याच्या जातीलाही हा रोग जडू शकतो, जरी तो काळ्या अक्रोडाइतका नाजूक नाही. वृक्ष स्वतः चालत नाही. त्याला चालवतो तो माणूस. झाड पश्चिमेला नेले माणसाने, आणि वैऱ्याला पूर्वेची वाट दाखवली तीही बहुधा त्यानेच. अक्रोड या खेपेस वाचला, तो पावसाच्या कृपेने. चेस्टनटला असे काही लाभले नव्हते.