मँचेस्टरमधील ऐतिहासिक वास्तू

उत्तर इंग्लंडमधील या औद्योगिक शहराच्या बहुतेक प्रसिद्ध वास्तू सुती कापडाच्या व्यापारातील संपत्तीतून उभ्या राहिल्या. चेटम ग्रंथालयाची इमारत मात्र पंधराव्या शतकातील. मूळच्या या धर्मोपदेशक-निवासात हंफ्री चेटम या कापडव्यापाऱ्याच्या मृत्युपत्रान्वये १६५३ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले. १८४५ मध्ये मार्क्स व एंगेल्स यांनी तेथे अध्ययन केले.

इतिहासदृष्ट्या सर्वांत बोलकी वास्तू म्हणजे फ्री ट्रेड हॉल (१८५६). १६ ऑगस्ट १८१९ रोजी संसदीय सुधारणांच्या मागणीसाठी येथील सेंट पीटर्स मैदानावर जमलेल्या सु. ६०,००० लोकांवर घोडदळाने हल्ला केला, त्यात सु. १८ जण मृत्युमुखी पडले. वॉटर्लूच्या लढाईवरून या घटनेस उपहासाने ‘पीटर्लू’ हे नाव पडले. याच जागी, आयात धान्यावरील जकातीचे कायदे रद्द झाल्याच्या (१८४६) स्मरणार्थ लोकवर्गणीतून हे भव्य सभागृह बांधण्यात आले. मृतांना मात्र दीर्घकाळ स्मारक लाभले नाही. १९७२ मधील फलकावर केवळ जमाव पांगविल्याचा उल्लेख होता; २००७ मध्ये नव्या फलकावर मृत्यूंची नोंद झाली. स्वतंत्र स्मारक उभारण्यास २०१९ साल उजाडले. १९४० च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेले सभागृह १९५१ मध्ये पुन्हा सुरू झाले. २००४ मध्ये त्याचा दर्शनी भाग राखून तेथे हॉटेल उघडण्यात आले.

ॲल्फ्रेड वॉटरहाउसने नवगॉथिक शैलीत उभारलेल्या नगरभवनात (१८७७) फोर्ड मॅडक्स ब्राउनची शहराच्या इतिहासावरील १२ भित्तिचित्रे आहेत. त्यांतही पीटर्लूस स्थान नाही. रॉयल एक्स्चेंज या कापूस-कापडाच्या बाजारातील व्यवहार १९६८ मध्ये थांबले. १९७६ पासून तेथे नाट्यगृह आहे. अखेरच्या दिवसाचे भाव फलकावर तसेच ठेवले आहेत.